रिमोट स्टेज १ रीमॅपचा रिव्ह्यू, पहिली टर्बो गाडी असेल तर जरा सावकाश वाचा

पॉवर किती वाढली एवढंच बघायचं असेल तर सरळ खाली जा, कारण हा रिव्ह्यू निम्म्याहून जास्त फाईल टाकायच्या आधीच्या कामांचाच आहे आणि खरं सांगायचं तर या सर्व्हिसमधला मला सगळ्यात आवडलेला भाग तोच आहे. ट्यूनरचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, अशी सर्व्हिस देणारे बरेच आहेत आणि नावावर भांडण लागलं की कामाचं बोलणं बाजूला पडतं. तुम्ही ज्याच्याकडून कराल तो या गोष्टी विचारतो का ते बघा, बास.

रिमोट म्हणजे काय ते माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. रीमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरची, म्हणजे ईसीयूची, फाईल बदलून पॉवर वाढवणं, आणि स्टेज १ म्हणजे पार्ट न बदलता नुसती फाईल बदलणं. गाडी ट्यूनरकडे न्यायची नाही, ओबीडी पोर्टला (गाडी तपासायचं सॉकेट) लावायचं एक छोटं फ्लॅशिंग डिव्हाइस घरी येतं, त्यातून ईसीयूचा सॉफ्टवेअर नंबर आणि ओरिजिनल फाईल वाचून त्यांना पाठवायची, ते बदललेली फाईल पाठवतात, ती आपण गाडीत टाकायची, मग गाडी चालवून लॉग (चालताना इंजिनाच्या आकड्यांची नोंद) काढायचे, ते बघून ते परत फाईल सुधारून देतात आणि दोघांचं समाधान होईपर्यंत हे चालू राहतं. माझी गाडी सेकंडहँड, डायरेक्ट इंजेक्शनचं (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडणारं) चार सिलिंडर टर्बो पेट्रोल, मॅन्युअल गिअरबॉक्स, आधीच्या मालकाचं सर्व्हिस रेकॉर्ड अर्धवट. याआधी मी कायम बिनटर्बोच्याच गाड्या चालवल्यात, त्यात ऑइल वेळेवर बदललं आणि एअर फिल्टर झटकला की गाडी काही मागत नाही. टर्बो मागते. एक्झॉस्टच्या वायूने फिरणारा तो छोटासा पंखा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्या मारतो, टर्बाइनच्या तोंडाशी पेट्रोल गाडीत ९०० डिग्रीच्या वर तापमान जातं आणि हे सगळं ज्या शाफ्टवर चाललंय तो बहुतेक टर्बोंमध्ये ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. हे एकदा नीट डोक्यात बसलं की पुढचे सगळे लाड का करायचे ते कळतं.

ऑर्डर दिल्यावर मला वाटलं आता फाईल येईल. आली ती प्रश्नावली. ऑइल कुठलं, कधी बदललं, प्लग किती चाललेत, पेट्रोल किती ऑक्टेनचं टाकता आणि तो आकडा आरओएन आहे की एकेआय (ऑक्टेन सांगायच्या या दोन पद्धती, यात लोक फार गोंधळ घालतात, ९१ एकेआय म्हणजे साधारण ९५-९६ आरओएन, दोन्ही ९१ एकच समजून फाईल मागवली तर कल्याणच), क्लच कधी बदलला, इंटेक किंवा एक्झॉस्टमध्ये काही बदल केलाय का, गाडी राहते ते ठिकाण समुद्रसपाटीपासून किती उंच. आणि शेवटी, स्टॉक म्हणजे कंपनीच्या मूळ फाईलवरचा लॉग पाठवा, तो बघितल्याशिवाय आम्ही काही पाठवत नाही. सुरुवातीला मी जाम वैतागले होते, पैसे घेऊन झाले आणि आता परीक्षा कसली घेताय. पण ऑपरेशनच्या आधी रक्त तपासल्याशिवाय कोणी टेबलावर घेत नाही, तसाच हा प्रकार आहे आणि जो ट्यूनर हे न विचारता दहा मिनिटांत फाईल पाठवतो त्याने ती फाईल तुमच्या गाडीसाठी बनवलेलीच नसते, ती त्या ईसीयू नंबरच्या सगळ्यांसाठी बनवलेली असते.

लॉगबद्दल नीट लिहिते कारण पहिल्यांदा करताना मला कोणी नीट सांगितलं नव्हतं. इंजिन पूर्ण गरम, तिसरा गिअर, २००० आरपीएमवरून फुल थ्रॉटल आणि रेडलाइनच्या जरा आधीपर्यंत. हे ट्रॅकवर किंवा डायनोवर (गाडी जागेवरच चालवून पॉवर मोजायचं मशीन) करा, रस्त्यावर तिसऱ्या गिअरला रेडलाइन म्हणजे जवळजवळ कुठल्याही वेगमर्यादेच्या बाहेरच जाता तुम्ही. चॅनल कुठले घ्यायचे तर मागितलेला बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब), प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट, वेस्टगेटची (एक्झॉस्टचा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) पोझिशन किंवा ड्यूटी, प्रत्येक सिलिंडरचं टायमिंग करेक्शन (स्पार्क किती मागेपुढे केला ते), लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण), इंटेक हवेचं तापमान, फ्युएल रेल प्रेशर. एवढे पुरेत. हौस म्हणून पन्नास चॅनल टिक केले की सँपलिंग इतकं संथ होतं की नेमका झटका बसला तो क्षणच दोन बिंदूंच्या मधे हरवतो.

इथे स्वस्तातल्या ब्लूटूथ ओबीडी डोंगलचा विषय येतोच. तो घ्या, एरर कोड वाचायला आणि फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती कमीजास्त करतोय ते) बघायला मस्त आहे, लाँग टर्म ट्रिम शून्याच्या आसपास ५ टक्क्यांत असेल तर निवांत, १० च्या पलीकडे सरकायला लागलं तर कुठेतरी हवा किंवा पेट्रोलचं गणित चुकतंय. पण रीमॅपच्या लॉगला तो पुरत नाही, एकतर तो हळू आणि दुसरं म्हणजे स्टँडर्ड ओबीडीमधलं मॅनिफोल्ड प्रेशर एका बाइटमध्ये येतं, म्हणजे २५५ किलोपास्कलच्या वर आकडाच नाही. हे प्रेशर अ‍ॅब्सोल्यूट असतं, त्यातून बाहेरच्या हवेचे १०० वजा केले की साधारण दीड बार बूस्ट उरतो, त्याच्या वर गाडी गेली तरी ग्राफ सपाटच दिसणार आणि तुम्ही खूश की वा काय स्थिर बूस्ट आहे. फ्लॅशिंग डिव्हाइस ईसीयूच्या आतले व्हॅल्यू थेट वाचतं, त्याला ही अडचण नाही. उंचीचा प्रश्न का विचारला तेही इथेच कळलं, १५०० मीटरवर बाहेरची हवाच साधारण ८५ किलोपास्कल असते, मॅनिफोल्डमध्ये तेवढंच प्रेशर आणायला टर्बोला जास्त राबावं लागतं, त्यामुळे खालच्या हवेत सुखात चालणारी फाईल वर टर्बोला त्याच्या मर्यादेबाहेर पळवू शकते.

तर माझा स्टॉक लॉग गेला आणि उत्तर आलं की फाईल मिळणार नाही, आधी लीक शोधा. मला धक्काच, कारण गाडी छान पळत होती, चेक इंजिन लाइट नाही, एकही कोड नाही. त्यांनी दाखवलं ते असं की मागितलेला आणि मिळालेला बूस्ट जवळजवळ एकमेकांवर बसतायत, पण वेस्टगेट गरजेपेक्षा फार जास्त बंद आहे. म्हणजे कुठून तरी दाबाची हवा गळतेय आणि ईसीयू बिचारा वेस्टगेट बंद करून टर्बोला आणखी जोरात फिरवून ती तूट भरून काढतोय. चालवणाऱ्याला काहीच कळत नाही! टर्बो जास्त वेगात फिरतोय, हवा जास्त तापतेय, आणि पी०२९९ म्हणजे अंडरबूस्टचा कोड तेव्हाच येतो जेव्हा ईसीयूच्या हातात भरून काढायला काही उरत नाही. याच्यावर रीमॅप टाकून अजून बूस्ट मागितला असता तर काय झालं असतं त्याचा विचार तुम्हीच करा. बिनटर्बोच्या गाडीत हवा गळाली तर आयडलिंगला गाडी थरथरते, इथे गळती बूस्टमध्येच उघडते आणि पार्किंगमध्ये बॉनेट उघडून कान लावला तर काही ऐकूही येत नाही.

स्मोक टेस्ट केली. इंटेकमध्ये हलक्या दाबाने धूर सोडतात आणि कुठून बाहेर येतो ते बघतात. टर्बोकडून इंटरकूलरला (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) जाणाऱ्या होजच्या टोकाशी, क्लॅम्पच्या अगदी खाली, बारीक चीर होती आणि आतून ऑइलचा ओलसर थर. थोडा ऑइलचा ओलावा त्या पाइपात असतोच, त्याला घाबरून टर्बो गेला टर्बो गेला करत फिरू नका, क्रँककेसमधली वाफ परत इंटेकमध्ये सोडलेली असते त्याचा तो परिणाम, पण थबथबलेलं असेल तर बघावं लागतं. होज नवीन टाकला, क्लॅम्पही नवीन, परत लॉग काढला आणि वेस्टगेटची रेषा खाली आली. गाडी स्टॉक फाईलवरच आधीपेक्षा लवकर बूस्टला यायला लागली. म्हणजे माझा पहिला मॉड म्हणजे एक रबरी पाइप.

प्लगचं पण असंच. एका सिलिंडरचं टायमिंग बाकीच्यांपेक्षा सारखं जास्त मागे खेचलं जात होतं. नॉक म्हणजे मिश्रण भलत्या वेळी आपोआप पेटून बसणारा ठोका, नॉक सेन्सरला तो ऐकू आला की ईसीयू त्या सिलिंडरचा स्पार्क काही डिग्री उशिरा देतो, एखाददुसरी डिग्री कधीमधी दिसली तर चालतं, पण एकाच सिलिंडरला दरवेळी ५-६ दिसत असेल तर कारण शोधायचं. प्लग काढले तर गॅप झिजून वाढलेला. सिलिंडरमध्ये हवा जितकी दाबलेली तितकं ठिणगी उडायला व्होल्टेज जास्त लागतं, त्यामुळे बूस्ट वाढवला की मोठ्या गॅपवर ठिणगी विझल्यासारखी होते आणि गाडी वरच्या आरपीएमला अडखळते, लोक याला कॉइल खराब म्हणून कॉइल बदलत बसतात. ट्यूनरने एक स्टेप थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारा) प्लग आणि गॅप ०.६५ मिलिमीटरच्या आसपास सांगितला, तुमच्या इंजिनला तुमचा ट्यूनर काय सांगेल ते ऐका. दोन सूचना मात्र सगळ्यांना लागू. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड आणि बॉशमध्ये बरोबर उलटं, त्यामुळे ऑनलाइन मागवताना ब्रँड बदलला तर आकडा तोच ठेवू नका. आणि इरिडियमचं टोक फार बारीक असतं, गॅप करताना मधल्या इलेक्ट्रोडवर जोर देऊ नका, वरचा पट्टा हळूच वाकवायचा आणि वायर गेजने मोजायचं.

ऑइलवर मी जरा जास्तच वाचलंय आता. छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनांत एलएसपीआय नावाचा प्रकार असतो, कमी आरपीएम आणि जास्त लोड असताना स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनला असा तडाखा बसतो की रिंगा, पिस्टनच्या लँड (रिंगांच्या खाचांमधल्या कडा), कधी कनेक्टिंग रॉडसुद्धा जातो. ऑइलमधलं कॅल्शियमवालं डिटर्जंट याला हातभार लावतं असं दिसल्यावर ऑइलचे स्टँडर्ड बदलले, २०१८ ला एपीआय एसएन प्लस आलं आणि २०२० ला एसपी. त्यामुळे डब्यावर एसपी किंवा त्याच्या पुढचं स्टँडर्ड आहे का ते आधी बघा, फुल सिंथेटिक लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. त्यानंतर तुमच्या कंपनीचं स्वतःचं अ‍ॅप्रूव्हल, ते मॅन्युअलमध्ये असतं. ५डब्ल्यू-३० की ५डब्ल्यू-४० यावर लोक हाणामाऱ्या करतात, पण दोन ५डब्ल्यू-३० सुद्धा सारखी नसतात, एसीईए सी३ (युरोपातलं ऑइलचं स्टँडर्ड) असेल तर गरम ऑइलची जोरात घसटल्यावरची जाडी किमान ३.५ मिलिपास्कल-सेकंद असते, आणि इंधन वाचवायला बनवलेल्या पातळ ग्रेडमध्ये ती त्याहून कमी असते. मी मॅन्युअलमधल्या अंतराच्या निम्म्यावर बदलते. कोणाला हे जास्त वाटेल, वाटू दे. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या, इंजिन पूर्ण गरमच झालं नाही, तर पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, डिपस्टिकवर लेव्हल कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसली आणि वास आला तर समजा हेच चाललंय.

आणि चालवायची सवय बदला, हे फुकट आहे. टॉप गिअरमध्ये १५०० ला असताना ओव्हरटेकसाठी पाय पूर्ण दाबणं बंद, टर्बोचा लो-एंड टॉर्क मोह पाडतो पण एलएसपीआयला नेमकी हीच परिस्थिती लागते, एक गिअर खाली घ्या ना. गार इंजिनवर बूस्ट नको, पाण्याचा काटा मधे आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही, ऑइल बराच वेळ मागे असतं. आणि जोरात चालवून आल्यावर लगेच बंद करायचं नाही, पण त्यासाठी उभ्या गाडीत मिनिटं मोजत बसायचीही गरज नाही, शेवटचा थोडा रस्ता हळू चालवला की झालं. आजकालच्या बहुतेक टर्बोंना पाण्याचंही कूलिंग असतं आणि बऱ्याच गाड्यांत बंद केल्यावरही छोटा इलेक्ट्रिक पंप गुणगुणत राहतो, तो आवाज आला म्हणून बॅटरीची वायर काढणारे महाभाग मी पाहिलेत. त्यामुळे टर्बो टायमर (चावी काढल्यावरही इंजिन थोडा वेळ चालू ठेवणारा) मला तरी आताच्या गाडीत वायफळ वाटतो.

बरं, आता फाईल. फ्लॅश करताना बॅटरीला चांगला सपोर्ट चार्जर लावायचाच, इग्निशन ऑन असताना पंखे, पंप, लाइट मिळून चांगलाच करंट ओढतात आणि लिहिणं चालू असताना व्होल्टेज पडलं तर ईसीयू अर्धवट लिहिलेला राहतो, मग तो काढून टेबलवर उघडून वाचवावा लागतो. लॅपटॉपची स्लीप बंद, मोबाइलवरून असेल तर फोन एअरप्लेन मोडवर. प्रोग्रेस बार हलेनासा झाला की पोटात गोळा येतो, पण हात लावायचा नाही.

पहिली फाईल मला मवाळ वाटली. नंतर कळलं की मुद्दामच तशी होती. २५०० च्या खाली त्यांनी टॉर्क फारसा वाढवलाच नाही आणि वाढ मधल्या पट्ट्यात जास्त दिली, कारण तेच, खालच्या आरपीएमला एलएसपीआय आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताण. जाहिरातींमध्ये जे ग्राफ असतात ना, १८०० ला भिंतीसारखा सरळ वर गेलेला टॉर्क, तो चालवायला पहिल्या दिवशी भारी वाटतो आणि रॉड आणि क्लचला रोज त्रास देतो. पुढच्या फाईलींमध्ये लॉग बघून टायमिंग थोडं वाढवलं, बूस्ट जवळपास तोच. शेवटी गाडी कशी झाली? तिसऱ्या-चौथ्या गिअरला ३००० ते ५५०० मधे वेगळीच गाडी आहे, ओव्हरटेकला आता जागा बघून विचार करत बसावं लागत नाही, थ्रॉटलचा प्रतिसाद सरळ झालाय, आणि शहरात हळू चालवताना फरक जवळजवळ शून्य, जे मला हवंच होतं. टर्बो पेट्रोलला स्टेज १ मध्ये साधारण २० ते ३० टक्के वाढ मिळते असं धरून चाला, माझी त्यातच बसते असं मला वाटतं, पण डायनोवर नेली नाहीये म्हणून आकडा फेकत नाही. तसंही डायनोचे आकडे मशीन, करेक्शन फॅक्टर, चाकाचे की क्रँकचे यावर इतके हलतात की आधी आणि नंतर एकाच मशीनवर एकाच दिवशी मोजलं तरच त्याला अर्थ.

जिथे फाईलने काही केलं नाही ते म्हणजे उष्णता. हवा दाबली की तापते, १ बार बूस्टला कॉम्प्रेसर ठीकठाक कार्यक्षम असला तरी हवा ९०-९५ डिग्रीने वर जाते, आणि स्टॉक इंटरकूलर छोटा असला की दोन-तीन जोरदार पुलनंतर (फुल थ्रॉटलच्या धावा) तो स्वतःच तापून बसतो. लॉगमध्ये स्पष्ट दिसतं, पहिला पुल झकास, तिसऱ्याला इंटेकचं तापमान चढलेलं आणि ईसीयू टायमिंग मागे घेतोय. हे दुखणं काही आजचं नाही. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये इंटरकूलर नव्हता, वर १०.२५ चं कॉम्प्रेशन, मग नॉक थांबवायला डिस्टिल्ड पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण एका टाकीतून इंजिनात सोडायचे, त्याला नाव काय तर टर्बो रॉकेट फ्लुइड! आणि मालक ती टाकी भरायलाच विसरायचे, टाकी रिकामी की बूस्ट बंद, आणि लोकांची ओरड की गाडी ओढत नाही. नंतर बीएमडब्ल्यूने एम४ जीटीएसमध्ये पाणी फवारायची कल्पना परत आणली, पण तीही टाकी भरणारा मालक मिळाला तरच. मला रोजच्या गाडीत अजून एक टाकी सांभाळायची नाही, त्यामुळे पुढचा खर्च मोठ्या इंटरकूलरवर.

आता तक्रारी. उत्तर यायला वेळ लागतो, लॉग पाठवला की कधी त्याच दिवशी तर कधी आठवडा जातो, आणि घाई केली तर सौम्य शब्दांत रांगेत थांबायला सांगतात. डिव्हाइस एका गाडीच्या व्हीआयएनला (चॅसी नंबर) लॉक होतं, गाडी विकली तर नवीन गाडीसाठी परत लायसन्स घ्यायचं, हे ऑर्डरच्या पानावर बारीक अक्षरांत होतं आणि मला ते पटलेलं नाही. हार्डवेअर बदललं तर नवीन फाईलचे पैसे वेगळे. आणि त्यांची सूचनापुस्तिका म्हणजे शिक्षा आहे, लॉग कसा सेव्ह करायचा हे शोधायला मला व्हिडिओ बघावे लागले. पण ओरिजिनल फाईल परत टाकता येते, ती मी दोन ठिकाणी जपून ठेवलीये, हे तुम्हीही करा. फक्त एवढं लक्षात ठेवा की स्टॉक फाईल परत टाकली तरी बऱ्याच ईसीयूंमध्ये फ्लॅश झाल्याची खूण राहते आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ती दिसू शकते, त्यामुळे वॉरंटी चालू असेल तर वॉरंटी गेली असंच धरा, आणि इन्शुरन्सला कळवा, लपवलेलं क्लेमच्या वेळी महागात पडतं.

मध्यंतरी त्यांनी बरेच पार्ट विकायचा प्रयत्न केला, सगळेच करतात. ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, तो गिअर बदलताना फुस्स आवाजवाला, मी घेतला नाही. ज्या गाडीत एअरफ्लो सेन्सर आहे तिथे या व्हॉल्व्हपाशी आलेली हवा आधीच मोजून झालेली असते, ती बाहेर सोडली की ईसीयू जी हवा इंजिनात आलीच नाही तिच्यासाठी पेट्रोल सोडतो आणि प्रत्येक गिअरला मिश्रण क्षणभर रिच. कंपनीचा डायव्हर्टर व्हॉल्व्ह हवा परत इंटेकमध्ये फिरवतो, त्याचा डायफ्राम फाटला नसेल तर त्याला छेडू नका. तेल लावायचा कॉटन फिल्टर, तोही नको, जास्त तेल लागलं तर एअरफ्लो सेन्सरवर बसतं आणि स्टेज १ ला पेपर फिल्टर पुरतो, वेळेवर बदला फक्त. कॅच कॅन (ऑइलची वाफ इंटेकमध्ये जायच्या आधी अडवणारा डबा) घेतला. डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इंटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळे तिथे धुवायला कोणी नाही आणि ऑइलची वाफ साचून काजळी धरते, शेवटी अक्रोडाच्या कवचाचा चुरा मारून साफ करावं लागतं. कॅच कॅनने ते पूर्ण थांबतं असं कोणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका, पण त्यात जे साचतं ते बघितलं की ते इंजिनात नाही गेलं याचा आनंद होतोच. थंडीत त्यात पाणी आणि ऑइलचं पिवळट चिकट मिश्रण भरतं, गोठू शकतं, लक्ष ठेवून रिकामा करावा लागतो. ज्याला तेवढंही जमणार नाही त्याने लावूच नये. डाउनपाइप (टर्बोच्या लगेच पुढचा एक्झॉस्ट पाइप) काढून कॅटलिटिक कन्व्हर्टर उडवायचा सल्ला स्टेज २ म्हणून मिळतो, बऱ्याच देशांत ते बेकायदेशीर आहे आणि गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवायची तर माझं उत्तर सरळ ‘नाही’ असंच आहे.

ओबीडीऐवजी सेन्सर आणि ईसीयूच्या मधे बसणारे ट्यूनिंग बॉक्स पण मिळतात, लावायला सोपे, काढले की फ्लॅशसारखी खूण उरत नाही. पण ते बहुतेक ईसीयूला बूस्ट कमी असल्याचं खोटं सांगून टर्बोकडून जास्त काढून घेतात, म्हणजे ज्याच्या भरवशावर इंजिनाचं रक्षण चाललंय त्याचीच फसवणूक. वॉरंटीच्या भीतीने घेणारे घेतात, मला पटत नाही.

पाचपैकी चार स्टार. एक कापला तो उशिरा उत्तरं आणि लायसन्सच्या लपवाछपवीचा. ज्यांना लॉग काढायचा कंटाळा आहे, प्लग कधी बदलले आठवत नाही, त्यांनी रिमोटच्या भानगडीत पडू नये, समोर डायनोवर बसून करणारा माणूस शोधा. ऑटोमॅटिकवाल्यांनी, विशेषतः ड्राय क्लचचा ड्युअल क्लच असेल तर, आधी गिअरबॉक्सची टॉर्कची मर्यादा किती आहे ते विचारा, काहींमध्ये ती २५० एनएमलाच संपते आणि तिथे इंजिनात कितीही दम असला तरी उपयोग नाही. मॅन्युअलवाल्यांनी चौथ्या-पाचव्या गिअरला मधल्या आरपीएमवर पाय दाबून बघा, काटा वर पळाला आणि वेग मागेच राहिला तर क्लच घसरतोय, आणि जुना क्लच असेल तर रीमॅपनंतर हे होणारच आहे, बजेट आधीच बाजूला काढून ठेवा. माझा अजून धरून आहे, पण पाचव्याला कधी कधी वास येतोय की काय असं वाटतं, इंटरकूलर बसवायला गाडी उघडेल तेव्हा तोही बघून घेणारे.